चार तासांचं परराज्य

(स्वयंपाकघर. सकाळ. टेबलावर उघडा लॅपटॉप, गार झालेला चहा.)

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधलं हे एक मराठी घर. या टेबलावर गेले दोन महिने एकच विषय चाललाय. मुलगी बोलते, बाबा "बघू" म्हणतात आणि आई उठून गॅसपाशी जाते. "बघू"चा अर्थ मराठी घरातल्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही.

मुलगी बारावीला आहे. तिला भूकंपशास्त्र शिकायचंय. प्रवेशाचं एक पत्र येऊन पडलंय, पण ते नेवाडा राज्यातल्या रीनोचं. म्हणजे राज्याबाहेरचं.

"भूकंप काय इथे कमी होतात?" हा बाबांचा पहिला प्रश्न, आणि तो काही चुकीचा नाही. हेवर्ड फॉल्ट, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली भेग, फ्रीमाँटमधूनच जातो. १८६८ साली त्यानं हा सगळा भाग हादरवला होता. बर्कलेचं विद्यापीठही जवळच. मुलीनं तिथेही अर्ज केलाय, पण तिथल्या प्रवेशाची खात्री कुणी द्यायची? आणि रीनोच्या विद्यापीठात नेवाडातल्या भूकंपांची नोंद ठेवणारी प्रयोगशाळाच आहे. मुलीला ती आत जाऊन बघायचीय.

(भिंतीवरचा जुना फोटो. माळवदाचं घर, दारात उभी माणसं.)

हे खूळ तिच्या डोक्यात कुणी घातलं, ते बाबांना पक्कं ठाऊक आहे. ते स्वतः लातूर जिल्ह्यातले, औशाचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी हादरलं, तेव्हा ते शाळकरी होते. गणपती विसर्जन करून लोक नुकते आडवे झाले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. हजारो माणसं झोपेतच गेली. ही हकिकत मुलीनं लहानपणापासून ऐकलीय. सांगताना बाबा दर वेळी एकाच ठिकाणी थांबतात, आणि ते कुठे थांबणार हे तिला आधीच माहीत असतं.

एवढं असूनही पहिला महिना तिनं वाया घालवला. रंगीत माहितीपत्रकं दाखवली, क्रमवाऱ्या दाखवल्या, "सगळे जातात" हेही म्हणून पाहिलं. "सगळे" या शब्दावर आईनं जे उत्तर दिलं, ते प्रत्येक आईनं दिलेलं असतं. इथे परत सांगत नाही.

मग एका रविवारी मुलीनं कोरा कागद पुढे केला. "नाही म्हणा. पण कशाकशाला नाही, ते एकेक लिहून द्या."

(क्लोज-अप: कागदावर बाबांचं अक्षर. पहिली ओळ: फी.)

फी पहिली येणार, हे उघड होतं. सरकारी विद्यापीठांना राज्याच्या करांतून पैसा मिळतो, म्हणून राज्यातल्या मुलांना फी कमी आणि बाहेरच्यांना जास्त. कॉलेज बोर्ड या अमेरिकेतल्या शिक्षणसंस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ मध्ये चार वर्षांच्या सरकारी कॉलेजांची सरासरी शिक्षण फी राज्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाला ११,६१० डॉलर होती, बाहेरच्याला ३०,७८० डॉलर. राहणं-जेवण वेगळंच. हा फरक बघून कुठल्याही बापाच्या पोटात गोळा येईल.

पण ही छापील किंमत झाली. पश्चिमेकडच्या राज्यांचा आपसात एक करार आहे, वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज. बोलताना त्याला "वूई" म्हणतात. या करारातलं कॉलेज करारातल्या दुसऱ्या राज्यातल्या पात्र विद्यार्थ्याकडून स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपट घेतं. स्थानिकाला १०,००० डॉलर असतील, तर त्याला १५,००० च्या वर नाही. कॅलिफोर्निया या करारात आहे, नेवाडाही आहे, आणि रीनोचं विद्यापीठही आहे.

बाबांनी हे ऐकलं आणि विचारलं, "यात गोम काय आहे?" गोम आहेच. सगळी कॉलेजं यात नाहीत. काही ठिकाणी काही विषय वगळलेले असतात, काही ठिकाणी जागा मोजक्या असतात, गुणांची अट असते. ही सवलत घेऊन काढलेली वर्षं सहसा त्या राज्याचा रहिवासी होण्यासाठी मोजली जात नाहीत. हे सगळं मुलीनं लपवलं नाही. बाबांची भुवई पहिल्यांदा खाली आली ती इथे, असं माझं मत आहे. फायद्याच्या आकड्यावर ते हलले नव्हते, तोट्याचा कागदही तिनंच समोर ठेवला तेव्हा हलले.

असे करार इतरत्रही आहेत. दक्षिणेकडच्या राज्यांचं अकॅडेमिक कॉमन मार्केट आहे. हवा तो अभ्यासक्रम आपल्या राज्यात नसेल, तर त्यातून दुसऱ्या राज्यात स्थानिक फीवर शिकता येतं. मिडवेस्टचा आणि न्यू इंग्लंडचा करार निराळा. अलाबामाच्या विद्यापीठासारखी काही विद्यापीठं तर गुणांप्रमाणे किती शिष्यवृत्ती मिळेल, त्याचा तक्ताच संकेतस्थळावर लावतात. आणि २०११ पासून केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या कॉलेजांना संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. घरचं उत्पन्न भरा, अंदाजे किती पडेल ते दिसतं. तो मुलांनी एकट्यानं भरू नये. बाबांना भरू द्यावा. स्वतः टाइप केलेल्या आकड्यावर माणसाचा जरा जास्त विश्वास बसतो.

एक गैरसमज मात्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी पसरवतोच. "एक वर्ष तिकडे राहायचं, मग फी आपोआप कमी." पालकांच्या आधारावर शिकणाऱ्या मुलाचा रहिवास बहुतेक राज्यांत पालकांच्या पत्त्यावरून ठरतो. आईबाबा फ्रीमाँटला, तर मुलगी कॅलिफोर्नियाची. या भरवशावर कर्ज काढू नका.

आणि ज्यांची मुलं अजून एच-फोर व्हिसावर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहेत, त्यांचा हिशोब पार वेगळा. या मुलांना केंद्राची शैक्षणिक मदत मिळत नाही, आणि वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की तो व्हिसाही सुटतो. त्यांनी फीच्या आधी कागदपत्रांचं बघावं.

(खिडकीबाहेर पाऊस. आई पोळ्या लाटतेय. कॅमेऱ्याकडे पाठ.)

कागदावरची दुसरी ओळ आईची. तिथे एकच शब्द होता: आजारपण.

आईला फीचं काही वाटत नव्हतं. तिला रात्री अडीच वाजता येणाऱ्या फोनची भीती वाटत होती. यावर "काही होणार नाही" असं म्हणण्यात अर्थ नसतो, ते तिलाही माहीत असतं. मुलीनं विम्याचा कागद काढला. काही आरोग्य विमा योजनांचं डॉक्टरांचं जाळं राज्यापुरतंच असतं, बाहेर फक्त तातडीचे उपचार मिळतात. घरचा विमा नेमका तसाच निघाला. म्हणजे आईची भीती पोकळ नव्हती. विद्यापीठाचा विद्यार्थी विमा किती पडेल, हा खर्च तक्त्यात नव्यानं चढला.

मुलगी अठरा वर्षांची झाली की तिच्या परवानगीशिवाय डॉक्टर आईला सहसा काही सांगणार नाहीत. त्यासाठी वैद्यकीय मुखत्यारपत्र आधीच सही करून ठेवता येतं. गुणांचंही तसंच. १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार कॉलेजात गेलेल्या मुलाच्या नोंदींवर हक्क मुलाचा. फी बाप भरतो, म्हणून प्रगतिपुस्तक आपोआप बापाच्या हाती येत नाही.

हे ऐकून आई लाटणं बाजूला ठेवून वळली. "म्हणजे इथे बर्कलेला गेली, तरी हेच?"

तरी हेच. कायदा मैल मोजत नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात खरं संभाषण तेच होतं.

सुरक्षिततेची ओळ लवकर निकालात निघाली. १९९० च्या क्लेरी कायद्यामुळे कॉलेजांना दरवर्षी आवारातल्या गुन्ह्यांची मागच्या तीन वर्षांची आकडेवारी जाहीर करावी लागते. आईनं चार कॉलेजांची उघडून पाहिली. त्यातली दोन राज्यातलीच होती.

(फोनच्या पडद्यावर आजी. मागे औशाच्या घराची ओसरी.)

शेवटची ओळ, अंतर. याचा निकाल आजीनं लावला, तोही चुकून. आधी ती बाबांच्याच बाजूची होती. "परराज्यात पोरीला कशाला धाडायलास?" मग तिनं विचारलं, किती लांब. बाबा म्हणाले, गाडीनं चारेक तास. सॅन दिएगोचं कॉलेज राज्यातलं, ते सात-आठ तासांवर.

"चार तास? आरं, तू पुण्याला शिकायला गेलास तवा रातभर यष्टी लागायची. मी आडवलं व्हतं का तुला?"

बाबा म्हणाले, "अडवलं होतंस."

आजी हसली. "मग? ऱ्हायलास व्हय?"

(महामार्ग ८०. दोन्ही बाजूंना बर्फ.)

फेब्रुवारीतला शनिवार. तिघं रीनोला निघालेत, नुसतं बघून यायला. नुसतं बघून येण्यात काही कबूल केल्यासारखं होत नाही, हे मुलीनं हेरून ठेवलंय. निर्णय मे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत कळवायचाय. बर्कलेचं उत्तर यायचंय. विद्यार्थी विम्याचा आकडा अजून बाबांच्या मनासारखा बसत नाहीये. बसला नाही, तर ते नाही म्हणतील, आणि माझ्या मते ते बरोबरच असेल.

डॉनर समिटला रस्ता सात हजार फुटांच्या वर चढतो. चार तास हे कोरड्या रस्त्याचे. बर्फ पडायला लागलं की हा घाट बंदही होतो, गाड्या तासन्‌तास अडकून पडतात. ट्रकी गावाच्या अलीकडे पाटी लागलीय, टायरना साखळ्या लावा. बाबा गाडी बाजूला घेतात. पैसे घेऊन साखळी बसवून देणारा माणूस काच ठोठावतो.

मुलगी मागच्या सीटवर गप्प. तिच्या तक्त्यात साखळीचा रकाना नव्हता.

बाबा खाली उतरतात. त्या माणसाचं काम संपेपर्यंत शेजारी उभे राहून बघतात, कडी कुठे अडकवली, ताण कुठून दिला. मग वाकून टायरवरचे आकडे वाचतात आणि बोटं गारठलेली असतानाच फोनमध्ये लिहून घेतात.

"काय लिहिताय?" आई काच खाली करून विचारते.

"टायरचा साइझ. दर वेळी पैसे मोजणं परवडणार नाही."