हेड, पॅकिंग आणि ‘साकु’

[बेळगावच्या उद्यमबागेतलं गॅरेज. शटर वर जातं. आत क्रीम रंगाची पद्मिनी, बॉनेट काढलेलं.]

ही गाडी माझ्या वडिलांची. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. गोव्याहून येताना चोर्ल्याच्या चढावर हिनं मान टाकली. तापमानाचा काटा तांबड्यात आणि बॉनेटखालून वाफ. ओढून बेळगावात आणली, ऑइलची पट्टी बाहेर काढली, तर तिच्यावर ऑइल कुठलं, ताक! इंजिनातलं पाणी ऑइलमध्ये उतरलं की ते असं दुधाळ होतं.

हेड पॅकिंग गेलं होतं, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्या मधलं. पुस्तकात त्याला गॅस्केट म्हणतात, इथं उद्यमबागेत पॅकिंग. आणि ते वर्षभरापूर्वीच नवं घातलेलं, हे जास्त झोंबलं.

मामा मिस्त्रींनी जुनं पॅकिंग उजेडात धरलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध काजळीची एक बारीक वाट दिसत होती. ते म्हणाले, “बघा की, इथनं गॅस पळालाय. कुणी आवळलं हुतं हे?” नाव मी सांगितलं नाही. चूक काय झाली तेवढं मात्र विचारलं. “एका कडेनं आवळत गेलाय. आणि दंडाचा जोर लावून.”

[हेडचा खालचा पृष्ठभाग, जवळून.]

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. हेडची लांबी चाळीस सेंटिमीटर धरा आणि तापमान सत्तर अंशांनी वाढलं असं समजा. दोघांच्या फुगण्यात जवळपास एक तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडतो. गाडी चालू केली की हेड पसरणार, थंड झाली की आकसणार. दर फेरीला ही ओढाताण मधल्या पातळ पॅकिंगनं सोसायची. त्यात पलीकडं जळता गॅस, अलीकडं पाणी आणि शेजारून ऑइल. तिघांना एकमेकांच्या घरात जाऊ द्यायचं नाही.

मामांनी हेडवर पोलादी पट्टी उभी धरली. आधी लांबीत, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी. पट्टीखाली फट मोजायच्या फिलर गेजचं ०.०५ मिलिमीटरचं पान सरकवलं. कडेला अडलं, पण मधे सुळकन गेलं. हेड वाकलं होतं. अशा हेडखाली सोन्याचं पॅकिंग घातलं तरी गळणारच.

एरवी कुठल्या गावात यासाठी दोन दिवस हेलपाटे पडले असते. इथं पुढच्या गल्लीत मशीनशॉप आहे. बिडाचं ओतकाम आणि मशीनिंग हा या भागाचा रोजचा धंदा, त्यामुळं हेडला फेस मारून, म्हणजे तळ सपाट घासून, संध्याकाळी परत. लागेल तेवढंच घासायचं, हे मात्र बजावून सांगावं लागतं. जास्त घासलं की ज्वलनाची जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोकायला लागतं.

मग साफसफाई. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडायचं नाही, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. ओलं करून हळू काढायचं, कारण तो धुरळा फुप्फुसात बसतो.

बोल्टची भोकंही पुसावी लागतात. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल आणि वरून बोल्ट पिळला, तर ते दाबलं जाऊन जाणार कुठं? ब्लॉकलाच तडा जातो. मामा तारेला फडकं गुंडाळून प्रत्येक भोकाचा तळ पुसतात. हे काम ते पोराला देत नाहीत.

[टॉर्क पान्याचा, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याचा, आकडा.]

आता आवळणं. बोल्ट म्हणा, स्टडवरचा नट म्हणा, आवळला की तो किंचित ताणतो, स्प्रिंगसारखा. पॅकिंग दाबून धरतो तो हा ताण. आपल्या हाताला कळतो तो जोर, ताण नव्हे. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग आटे आणि बोल्टच्या डोक्याखालचं घर्षण खातं. ताणायला उरतात दहा टक्के. आटे गंजलेले असले तर पाना पुरा आकडा दाखवतो आणि बोल्ट ढिलाच राहतो. उलट कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा ऑइल लावून गाठला, तर बोल्ट वाजवीपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणून आटे कोरडे की ऑइल लावून, हेही पुस्तकातच बघायचं.

आकड्याचं एकक तर हमखास चुकतं. जुन्या पुस्तकात किलोग्रॅम-मीटर, पान्यावर न्यूटन-मीटर आणि फूट-पाऊंड. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर किंवा ७.२३ फूट-पाऊंड. मामांनी हे खडूनं भिंतीवर लिहून ठेवलंय. खालीच गणपतीचं कॅलेंडर.

पहिला बोल्ट मधला. मग त्याच्या समोरचा, मग आलटून पालटून बाहेरच्या बाजूला, कडेचे शेवटी. चादर अंथरताना आपण मधून कडेला हात फिरवतो, तसं. आणि एका दमात नाही. आधी सगळे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, मग दोन तृतीयांश, मग पुरे. पाना एकसारखा, सावकाश ओढायचा.

शेवटच्या फेरीला पाना मी हातात घेतला. ‘कट्’ असा आवाज आला, म्हणजे लावलेला आकडा गाठला. मनाचं समाधान होईना म्हणून आणखी थोडा ओढला. मामांनी मनगटच धरलं. “साकु! साकु की! कट् म्हटल्यावर कशाला पिळालाय?”

साकु म्हणजे पुरे. शब्द कन्नड, पण बेळगावच्या मराठी तोंडात कायमचा राहायला आलेला.

[बुचाचा कागद आणि हातोडी.]

इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरचं पॅकिंग बुचाचं. इथं आवळायची हौस आणखी महागात पडते. बूच दाबलं जाऊन बाहेर फुगतं, पत्रा बोल्टपाशी आत वाकतो आणि दोन बोल्टांच्या मधून ऑइल ठिबकतं. तो पत्रा आधी लाकडी ठोकळ्यावर ठेवून सरळ केला. शेलॅकचा, म्हणजे चिकट लाखेचा, हात पातळ. हल्ली सिलिकॉनच्या ट्यूबनं केकवर काढतात तशी नक्षी काढतात. बाहेर आलेलं पुसता येतं, पण आत गेलेलं सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं. हेड पॅकिंगला मामांनी काहीच लावलं नाही.

पाण्याच्या पंपाचं कागदी पॅकिंग बाजारात मिळालं नाही. मामांनी जाड पॅकिंग पेपर झाकणावर ठेवला आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टुकटुक टुकटुक करत गेले. धारेवर कागद आपोआप तुटत गेला. बोल्टच्या भोकांवर बेअरिंगची गोळी ठेवून एकेक टोला. पाच मिनिटांत पॅकिंग तयार.

ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर जुनाच वापरला. वापरून कडक झालेलं तांबं लालबुंद तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ पडतं. बेळगावच्या बोगारवेशीत वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. बोगार म्हणजे तांब्या-पितळेची भांडी करणारे.

[इंजिन चालू झाल्याचा आवाज.]

तिसऱ्या स्टार्टरला लागली. काटा मधोमध. अर्धा तास चालवून बंद केली आणि रात्रभर तशीच ठेवली. माझ्या मते काम संपलं होतं.

सकाळी मामा पुन्हा पाना घेऊन उभे. या जुन्या पद्धतीचं पॅकिंग पहिल्या तापण्यात आणखी थोडं बसतं, त्यामुळं इंजिन गार असताना त्याच क्रमानं पुन्हा बघायचं. मधला बोल्ट. पाना बोटभर सरकला, मग कट्. पुढचा, तसाच. कडेचे दोन जागचे हललेसुद्धा नाहीत.

“आता टॅपेट,” मामा म्हणाले. हेड खाली बसलं की टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली, फटही बदलते. त्यांनी फिलर गेज फडक्याला पुसलं आणि पोराला इंजिन फिरवायला सांगितलं.