फळी बाजूला नेते, शिसं खाली नेतं

हे बघा, डावीकडे. पाण्यावर तीन पिवळ्या फळ्या पळतायत, बोटीबरोबरच पण बोटीपासून बऱ्याच लांब, आणि प्रत्येकीवर एक इवलासा झेंडा. इंजिन नाही, काही नाही. यांना प्लेनर बोर्ड म्हणतात, गळाच्या दोरीला चिमट्याने अडकवलेले.

आपण आहोत अमेरिकेत, लेक इरीवर, ओहायोतल्या ॲश्टाब्युलाच्या बाहेर. ऑगस्टची सकाळ. मासा हवाय वॉलआय, मोठ्या काचेरी डोळ्यांचा, कमी उजेडात झकास बघणारा आणि ऊन चढलं की खाली जाणारा. वसंतात हे मासे पश्चिमेच्या उथळ भागात अंडी घालतात, तिथे सरासरी खोली 24 फूटच आहे, पण उन्हाळ्यात त्यातले मोठे थंड पाणी शोधत इकडे पूर्वेला येतात आणि आत्ता आपल्या बोटीखाली 70 फूट पाणी आहे. मग तळालाच टाका ना गळ? नाही चालत. या दिवसांत तळाजवळच्या थंड थरात ऑक्सिजन फार कमी होतो, मासा त्याच्या वर मधेच कुठेतरी तरंगत असतो. आज फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचा मासा दाखवणारी स्क्रीन, म्हणतोय 40 फूट.

आता फळीचं काम. संक्रांतीला पतंग उडवलाय ना, तसंच, फक्त वाऱ्याऐवजी पाणी. फळीची पुढची कड तिरकी कापलेली असते, बोट ओढायला लागली की पाणी त्या कडेवर दाबतं आणि फळी सरळ मागे न येता बाजूला सरकत जाते, रीलवरून ढील दिली की अजून लांब. डावी फळी डावीकडेच चालते. उजवीकडे लावली तर बोटीखाली घुसते. आम्ही एकदा लावलीय, हसू नका.

एवढा खटाटोप कशाला? वरच्या पाण्यातला मासा बोट डोक्यावरून गेली की बाजूला पळतो, फळी गळाला तिथेच नेऊन ठेवते. शिवाय पाच-सहा दोऱ्या एकमेकींत न गुंतता पसरतात.

पण फळी खोल नेत नाही, खोल नेतं शिसं. एक पद्धत सोपी: 50 फूट दोरी सोडा, चिमट्याने वजन लावा, अजून 50 फूट सोडा, मग फळी. दुसरी पद्धत लेडकोअर, म्हणजे दोरीच्या आतच शिशाची तार. तिचा रंग दर 30 फुटांना बदलतो, म्हणून इथे कुणी फूट विचारत नाही, "किती कलर सोडलेस?" असं विचारतात. ताशी दोन मैलांच्या आसपास एका कलरला साधारण पाच फूट खोली धरतात, म्हणजे 40 फुटांना आठ कलर. तेवढं शिसं छोट्या फळीला झेपत नाही, ती मागे ओढली जाते, मोठी फळी लागते. आणि जड दोऱ्या बोटीजवळ, हलक्या बाहेर, हा क्रम मोडायचा नाही, कारण बाहेरचा मासा ओढताना तो आतल्या दोऱ्यांच्या वरून आला पाहिजे.

पण हा हिशोब सरळ चालतानाच खरा. आता कॅप्टन बोट डावीकडे वळवतोय, बघा, वळणाच्या आतल्या बाजूची फळी मंदावली, तिचा गळ खाली गेला, बाहेरची जोरात पळतेय, तिचा गळ वर आला. वळणावर कुठली फळी मासा पकडते त्यावरून कळतं की वेग वाढवायचा की कमी करायचा. मला विचाराल तर त्या महागड्या स्क्रीनपेक्षा हे वळणच जास्त खरं बोलतं.

आणि हे... आतल्या फळीचा झेंडा आडवा झाला! फळी मागे मागे जातेय. लागलाय.

आता घाई नको. बोट थांबवायची नाही, थांबली की दोरी ढिली पडते आणि मासा सुटतो. एकजण रील फिरवतोय, दुसरा वाकून उभा. फळी हाताशी आली, चिमटा दाबला, फळी आत. परत रील. रॉडचं टोक धाडधाड हलतंय. आता दोरीवर ते शिशाचं वजन दिसलं, ते काढलं, बादलीत टण्णकन टाकलं.

मासा अजून 50 फूट मागे आहे.