आधी झोपाळा, मग वाघ: कमाटीबागेत लहान मुलांना नेताना

(दृश्य: रविवार सकाळ, कमाटीबाग. खेळायच्या जागेकडे येणारी कुटुंबं.)

निवेदन:

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला वडोदऱ्याच्या कमाटीबागेत झोपाळ्यांपाशी उभं राहा. येणारी बहुतेक मुलं आधीच दमलेली दिसतील. कोणी बाबांच्या खांद्यावर, कोणी आजीचा पदर ओढत. प्राणी बघून झालेले असतात, फुलांचं घड्याळ झालेलं असतं, आइसक्रीम संपलेलं असतं, आणि आता कोणीतरी म्हणतं, चला, झोका घेऊ.

पडझड होते ती नेमकी याच वेळी. दमलेल्या मुलाची पकड सैल होते, शिडीवर पाऊल चुकतं, आणि तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं. त्यामुळे पाच-सहा वर्षांपर्यंतची मुलं बरोबर असतील तर क्रम उलटा ठेवा. आधी झोपाळा, मग वाघ. वाघ पिंजऱ्यात आहे, तो कुठे पळून जात नाही.

(दृश्य: काळा घोडा चौक, सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा. मग पुलावरून दिसणारी विश्वामित्री.)

महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी ही बाग १८७९ साली उभारली. कागदोपत्री ती सयाजीबाग. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरात मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सगळे कमाटीबागच म्हणतात. सुमारे ११३ एकरांची जागा, मधून वाहणारी विश्वामित्री, आत संग्रहालय, तारांगण, प्राणिसंग्रहालय. वडोदरा स्टेशनवरून चालत येता येतं. एवढ्या मोठ्या बागेत लहान मूल घेऊन सगळं बघायचा बेत करणं, हीच पहिली चूक. दोन तास धरा. त्यातला पहिला तास खेळाचा, मग अर्धा तास सावलीत खाणं-पिणं, आणि उरलेल्या वेळात एकच ठिकाण. संग्रहालय वेगळ्या दिवसासाठी ठेवा. तिथला देवमाशाचा अजस्र सांगाडा मुलांना आवडतो, पण इजिप्तची ममी बघून तीन-चार वर्षांची मुलं रात्री आईला चिकटून झोपतात. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

(दृश्य: लोखंडी घसरगुंडीवर हाताची पालथी बाजू टेकवणारी आई.)

मूल साधनावर चढण्याआधी मोठ्यांनी पाच मिनिटं एकट्याने फिरून घ्यावं. सुरुवात तापमानापासून. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. हाताची पालथी बाजू पत्र्यावर पाच सेकंद टेकवा. हात मागे घ्यावासा वाटला तर मुलाला बसवू नका. प्लास्टिकची घसरगुंडी तापत नाही हा गैरसमज आहे. गडद रंगाचं प्लास्टिक आणि जमिनीवरची रबरी लादी दोन्ही चटका देतात. लोखंड संध्याकाळी लवकर निवतं, रबर मात्र उशिरापर्यंत गरम राहतं. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मोठा माणूस चटका बसला की पाय उचलतो. दीड-दोन वर्षांचं मूल पुष्कळदा तिथेच उभं राहून रडतं, आणि भाजणं वाढत जातं. होळी झाली की सकाळी नऊच्या आत खेळ आटपा, नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतर या. पायात बूट हवेतच. मागे पट्टा नसलेल्या चपला शिडीवर निसटतात.

मग जमीन बघा. पाच-सहा फूट उंचीच्या साधनाखाली सैल वाळू असेल तर तिचा थर फूटभर असावा लागतो. तो सगळीकडे सारखा राहत नाही. झोपाळ्याखाली मुलं पाय घासतात, घसरगुंडीच्या तोंडाशी रोज शेकडो पायांनी वाळू बाजूला ढकलली जाते, आणि जिथे मूल आपटणार तिथेच खड्डा पडून खालची कडक माती उघडी होते. कडेला साचलेली वाळू पायाने परत आत ओढायला दोन मिनिटं लागतात. ओढा, लाजू नका. खांबाच्या बुंध्याशी सिमेंटचा गोळा वर आलेला दिसला, तर त्या साधनावर मुलाला चढवू नका.

विश्वामित्रीला पूर आला की गोष्ट बदलते. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. पुराचा गाळ वाळूत बसला आणि वाळला की वरून ती वाळूच दिसते, पण हाताला फरशीसारखी लागते. मूठभर उकरून बघा. उकरता आली नाही, तर ती वाळू म्हणून उपयोगाची नाही.

(दृश्य: साखळीची वरची कडी, अगदी जवळून. कडीचा झिजून बारीक झालेला भाग.)

झोपाळ्याचा पाट सगळे बघतात. बघायची असते ती वरची कडी. साखळी जिथे कडीत अडकते तिथे लोखंडावर लोखंड घासतं आणि कडी आतल्या बाजूने बारीक होत जाते. खालून ती धडधाकट दिसते. रिकामा झोपाळा जोरात दोनदा ढकला आणि ऐका. करकर म्हणजे तेल नाही, एवढंच. पण झोका परत येताना खट्कन धक्का बसत असेल, तर कडी झिजलेली असू शकते किंवा तिचं तोंड उघडलेलं असतं. तो झोपाळा सोडून द्या आणि बागेच्या माणसाला सांगा.

तीन-चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर चारही बाजूंनी बंद पाटाचाच झोपाळा निवडा. साध्या पाटावर बसलेलं मूल कोणी हाक मारली की हात हलवायला साखळी सोडतं. शक्य असेल तर समोरून झोका द्या, म्हणजे त्याचे हात आणि चेहरा दिसत राहतात.

झोपाळ्यावर बसलेल्यालाच नाही, समोरून धावत जाणाऱ्या मुलालाही जोरात लागतं. झोपाळा टांगलेला आडवा दांडा आठ फुटांवर असेल तर पुढे सोळा फूट आणि मागे सोळा फूट जागा मोकळी पाहिजे. धाकट्याला घेऊन उभं राहायचं तर या पट्ट्याच्या बाहेर. रिकामा, हलता झोपाळा लहानग्याच्या नेमका तोंडावर येतो, म्हणून मूल उतरलं की पाट हाताने थांबवूनच बाजूला व्हा.

(दृश्य: घसरगुंडी. मुलाला मांडीवर घेऊन वर बसलेला माणूस.)

आता घसरगुंडी. इथे जरा थांबू या, कारण प्रेमापोटी होणारी सर्वात मोठी दुखापत इथली आहे.

बाळ घाबरतंय म्हणून बाबा त्याला मांडीवर घेतात आणि दोघं मिळून घसरतात. एकटं मूल घसरत असताना त्याच्या बुटाचा तळ कडेला अडकला तर ते थांबतं. मांडीवर असेल तर पाय अडकतो, पण मागून साठ-सत्तर किलोंचं वजन खाली येतच राहतं. पाय पिळला जातो आणि नडगीचं हाड मोडतं. वेग अजिबात जास्त नसतो. बघणाऱ्याला काही झाल्यासारखंही वाटत नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलांमध्ये हे हमखास दिसतं.

त्यावर उपाय साधा आहे. जी घसरगुंडी मूल स्वतःच्या पायांनी चढू शकत नाही, ती त्याच्यासाठी नाही. उचलून वर ठेवू नका. बुटकी घसरगुंडी शोधा, बाजूला उभे राहा, हात त्याच्या काखेशी ठेवा. खाली उतरल्यावर लगेच बाजूला व्हायला शिकवा, कारण मागचा दादा वाट बघणार नाही.

हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या घसरगुंडीवर अंगात स्थिर वीज साठते. केस उभे राहतात, मुलं हसतात. मात्र कानात कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं उपकरण, असलेल्या मुलाचं बाहेरचं यंत्र घसरण्यापूर्वी काढून ठेवावं. त्या विजेने त्यातली सेटिंग बिघडू शकते.

सीसॉबद्दल एकच. समोरचा न सांगता उतरला की आपलं मूल दाणकन खाली येतं आणि हनुवटी दांड्यावर आपटून जीभ चावली जाते. पाटाखाली अर्धा पुरलेला टायर असेल तर धक्का बराच कमी बसतो. नसेल तर सोडून द्या. गोल फिरणाऱ्या चक्रावर लहानांना मधल्या दांड्याजवळ बसवा, कडेला नाही.

(दृश्य: कठड्याच्या गजांमध्ये घातलेली मूठ, मग ताणलेली वीत.)

चढायच्या साधनांवर गजांमधली फट मोजायला पट्टी लागत नाही. मुठीपेक्षा मोठी आणि वितीपेक्षा लहान, म्हणजे साधारण नऊ ते तेवीस सेंटिमीटरची फट धोक्याची. त्यातून लहान मुलाचे पाय आणि धड निसटून जातं, पण डोकं जात नाही, आणि मूल हनुवटीवर लोंबकळतं. फट मुठीहून लहान असेल तर धडही जात नाही. वितीहून मोठी असेल तर डोकंही सुटतं.

लोंबकळण्याचा दुसरा धोका आपणच घरून आणतो. गळ्यातला ताईत, काळा दोरा, टोपीची नाडी, हौसेने घातलेली चिमुकली ओढणी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पट्ट्याने गळ्यात अडकवलेली पाण्याची बाटली. घसरगुंडीच्या वरच्या टोकाशी यातलं काहीही अडकू शकतं. चढण्याआधी काढून आजीच्या पिशवीत. दोरा काढायला घरातलं कोणी तयार नसेल तर तो कमरेला बांधा, पण गळ्यात ठेवू नका.

उत्तरायणानंतर, म्हणजे १४ जानेवारीपासून पुढे निदान दोन-तीन आठवडे, अजून एक गोष्ट बघायची. वडोदऱ्याचं आकाश पतंगांनी भरून जातं आणि तुटलेला मांजा झाडांवरून खाली लोंबत राहतो. झोपाळ्याच्या साखळीत, दोन खांबांच्या मध्ये, नेमका मुलाच्या गळ्याच्या उंचीवर. नायलॉनचा मांजा बंदी असूनही मिळतो, पावसाने सडत नाही, आणि उन्हात दिसतही नाही. हाताने ओढू नका, बोट कापेल. काडीला गुंडाळून काढा, गोळा करून खिशात घाला आणि घरी नेऊन कात्रीने बारीक तुकडे करून टाका. बागेच्या कचऱ्यात तसाच टाकला तर पक्षी त्यात अडकतात.

पावसाळ्यात शिडीच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरतं, आणि विजेच्या खांबांपासून मुलांना लांबच ठेवायचं. साचलेल्या पाण्याजवळ दिवसा चावणारे डास असतात; पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

(दृश्य: नदीकाठ, उन्हात पडलेली मगर. कॅमेरा पुलावरून.)

विश्वामित्रीत मगरी आहेत, भरपूर आहेत, आणि थंडीत त्या काठावर ऊन खात पडतात. मुलांना दाखवायच्या तर पुलावरून, मुलाचा हात धरून. उतारावरून पाण्याकडे एक पाऊलही नको, मग समोर मगर दिसो वा न दिसो. वरून खाऊ टाकणाऱ्यांना तुम्ही थांबवलंत तर उत्तमच.

आणि छोटी आगगाडी. राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांसाठी धावणारी वाफेची गाडी १९५६ साली या बागेला मिळाली, आणि तेव्हापासून वडोदऱ्यातल्या लहानपणात गाडी असतेच. गाडी चालू असो वा नसो, रूळ म्हणजे रूळ. हळू चालणाऱ्या गाडीलाही थांबायला अंतर लागतं आणि मूल रुळाजवळ गाडीकडे धावतं, गाडीपासून नाही. तिथे चालताना बोट नाही, मनगट धरायचं.

(दृश्य: फुलांचं घड्याळ. गर्दी.)

चुकामूक होईल हे धरूनच चाला. आत शिरताच मुलाचा आजच्या कपड्यांतला फोटो काढा, कारण घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही. फोन नंबर बॉलपेनने हाताच्या आतल्या बाजूला लिहा. भेटायची जागा फुलांचं घड्याळ ठरवा. चार वर्षांचं मूल ते ओळखतं आणि कोणालाही विचारू शकतं. आपल्या घरांत मूल मराठी बोलतं, पण बागेतला रखवालदार आणि फुगेवाला गुजरातीत विचारणार: 'बेटा, तारुं नाम शुं?' एवढा प्रश्न आणि त्याचं उत्तर घरी पाठ करून घ्या. आईचं खरं नावही. 'मम्मी' सांगून कोणी सापडत नाही. मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८.

खाण्याबद्दल फार सांगायला नको. दशमी, धिरडी, केळं, आणि दोन तासांसाठी प्रत्येक मुलामागे अर्धा लिटर पाणी. बाहेर सेवउसळ खायचीच असेल तर मुलांसाठी तर्री वेगळी ठेवायला सांगा. वाळूत कुत्री-मांजरं घाण करतात, म्हणून खाण्याआधी साबणाने हात धुवायचे. नुसतं पुसणं पुरत नाही.

(दृश्य: दुमडलेलं वर्तमानपत्र आणि ओढणी. हाताला आधार बांधण्याची कृती.)

पडलंच, तर आधी मूल स्वतः हात-पाय हलवतं का बघा. लगेच उचलून झुलवू नका. डोक्याला लागलं असेल आणि उलटी झाली, झोप आवरेना, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं, किंवा मूल विचित्र वागू लागलं, तर १०८ ला फोन करा. हात किंवा पाय सुजला असेल तर चोळू नका, तेल लावू नका, ओढून सरळ करू नका. वर्तमानपत्राची जाड घडी खाली ठेवून ओढणीने सैलसर बांधा आणि दवाखाना गाठा.

घसरगुंडीनंतर मूल रडून शांत झालं, सूज नाही, पण पाय टेकवतच नाही, तर त्याला लाड म्हणू नका. नडगीची ही बारीक चीर पहिल्या दिवसाच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. पाय टेकणं सुरू झालं नाही तर दहा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला डॉक्टरांना विचारा.