मिठावरचे ऊन आणि माणसाचा चेहरा

मार्च महिन्यात सकाळचे दहा वाजले की भाईंदरच्या मिठागरांवर नजर ठरत नाही. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत घेतले जाते, बांधांमधल्या उथळ वाफ्यांत ते उन्हाने आटत जाते आणि शेवटी तळाशी मिठाचा पांढरा थर धरतो. त्या थरावरून डोक्यावर पाट्या घेऊन चाललेल्या या स्त्रियांचे पडद्यावरचे पहिले छायाचित्र कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मापावर घेतलेले आहे. त्यात मीठ राखाडी आले आहे, आकाश गडद निळे आले आहे आणि पाटीखालचे चेहरे मात्र नाकडोळेही ओळखू येऊ नयेत इतके काळवंडले आहेत.

असे का होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरच्या दृश्यावरून परत येणारा प्रकाश मोजतो आणि ते दृश्य सरासरीने मध्यम करडे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परतवणारे आहे असे धरून चालतो. मीठ त्याच्या कितीतरी पट प्रकाश परतवते, त्यामुळे मापक प्रकाश फार झाला असे समजून एक ते दोन स्टॉप कमी करतो. आणि एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश थेट निम्मा. आजचे कॅमेरे चेहरा ओळखून माप बदलतात हे खरे, पण पाटीच्या सावलीत झुकलेला सावळा चेहरा त्यांना सापडेलच असे नाही. म्हणून इथे निर्णय यंत्रावर सोपवू नये, असे आमचे ठाम मत आहे.

फिल्मच्या काळात रोलसोबत येणाऱ्या सूचनापत्रकावर एक साधा नियम छापलेला असे आणि तो आजही तितकाच खरा आहे. निरभ्र उन्हात लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र एफ/१६ ठेवावे (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक) आणि शटरचा वेग आयएसओच्या, म्हणजे प्रकाशाच्या संवेदनशीलतेच्या, आकड्याइतका घ्यावा. म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. हेच माप एफ/८ला सेकंदाच्या चारशेव्या भागाने मिळते आणि एफ/५.६ला आठशेव्या भागाने. या नियमाचे बळ असे, की तो वस्तूकडे न पाहता सूर्याकडे पाहतो. मीठ पांढरे असो वा साडी काळी, दोन्हींवर पडणारे ऊन एकच असते. आता पडद्यावर आलेले दुसरे छायाचित्र मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे सारे आकडे स्वतः ठरवून, याच मापाने घेतलेले आहे. मीठ पांढरे झाले, आणि डोके उघडे ठेवून फळीने मीठ ओढणाऱ्या माणसाच्या त्वचेचा खरा रंग दिसू लागला.

पाटीखालचा चेहरा मात्र अजून सावलीतच आहे. भर उन्हातली सावली साधारण तीन स्टॉपने कमी उजेडाची असते, परंतु मिठागरात जमिनीवरून वर उडणारा प्रकाश हे अंतर बरेच कमी करतो आणि हनुवटीखालचा भाग आपोआप उजळतो. चंदेरी परावर्तक आम्ही वापरला नाही, कारण आधीच डोळे बारीक करून चालणाऱ्या माणसाच्या तोंडावर आणखी ऊन टाकणे योग्य नव्हे. त्याऐवजी दृश्याचा एक लहानसा ठिपकाच मोजणाऱ्या स्पॉट मीटरने गालावर माप घेतले आणि दृश्य एक स्टॉप उजळ केले.

किती उजळायचे, याचा निवाडा कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र पाहून करू नये. उन्हात तो पडदा नेहमीच अंधारा वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती हे दाखवणारा आलेख, पाहावा. तो उजव्या कडेला आदळला, की मिठाच्या कणांचा पोत गेला आणि तो रॉ फाइलमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ नोंदीतूनही, परत येईलच असे नाही. सावलीतला तपशील पुढे काही प्रमाणात वर काढता येतो, पण त्यात दाणेदारपणा वाढतो. पाण्यावर चमकणारा सूर्य पूर्ण पांढरा झाला तर बिघडत नाही. तो पांढराच असतो. मिठाची रास मात्र सांभाळावी, आणि दोन्ही सांभाळता येत नसतील तर चेहरा वाचवावा.

तुम्ही पाहत असलेल्या या चित्रीकरणालाही तोच हिशेब लावावा लागला. सेकंदाला २५ चौकटी घेताना हालचाल स्वाभाविक दिसावी म्हणून शटर पन्नासाव्या भागावर ठेवले, आणि आयएसओ १००ला त्यासाठी एफ/२२ लागते. इतक्या बारीक छिद्राने चित्राची धार जाते. म्हणून प्रकाश सोळाव्या हिश्शावर आणणारी करडी काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावून छिद्र एफ/५.६ ठेवले.

मुंबईभोवतीची मिठागरे बांधकामांनी आक्रसत चालली आहेत आणि इथले काम करणारी माणसे पुढे छायाचित्रांतूनच पाहावी लागतील अशी भीती आहे. पातळ ढग आला तर छिद्र एक स्टॉप उघडावे आणि तो सरकताच मूळ मापावर यावे; तेवढ्या वेळात पाटी घेऊन आलेली बाई राशीपर्यंत पोचलेली असते.