ओपनजीएल प्रोग्रामची एक्झी आणि न सापडणारी मॉड्यूल

मित्रहो, पायथॉनमध्ये लिहिलेला त्रिमितीय चित्रांचा प्रोग्राम आपल्या संगणकावर सुरळीत चालतो, पण पायइन्स्टॉलर या साधनाने त्याची एक्झी, म्हणजे विंडोजवर थेट चालणारी फाइल, केली की ती उघडताच बंद पडते. अशा वेळी एक्झीवर पुन्हा पुन्हा डबल क्लिक करून काहीच हाती लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून ती तिथून चालवावी, आणि तपास संपेपर्यंत कन्सोल लपवणारा ‘विंडोड’ पर्याय वापरू नये, म्हणजे त्रुटीचा संदेश पूर्ण वाचता येतो. पायओपनजीएल, म्हणजे पायथॉनमधून ओपनजीएल ही त्रिमितीय चित्रांची प्रणाली वापरण्याची लायब्ररी, वापरणाऱ्यांना विंडोजवर तिथे बहुधा ‘ओपनजीएल.प्लॅटफॉर्म.विन३२’ हे मॉड्यूल (लायब्ररीतली कोडची एक फाइल) सापडत नसल्याचे दिसते.

आपण हे नाव आपल्या प्रोग्राममध्ये कुठेच लिहिलेले नसते, आणि नेमके तेच या त्रुटीचे मूळ आहे. पायइन्स्टॉलर आपला प्रोग्राम चालवून पाहत नाही. तो बाइटकोड (पायथॉनने रूपांतरित केलेला कोड) वाचून त्यातली इम्पोर्ट विधाने, म्हणजे दुसरी मॉड्यूल बोलावणाऱ्या ओळी, गोळा करतो आणि त्यांच्या मागोमाग जात राहतो. पायओपनजीएल मात्र कोणते मॉड्यूल घ्यायचे हे चालू झाल्यावर ठरवते: विंडोजसाठी विन३२, लिनक्ससाठी जीएलएक्स, अशी नावे तिच्या प्रारंभीच्या फायलीत साध्या स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून नोंदलेली आहेत, त्यामुळे पायइन्स्टॉलरला ती दिसत नाहीत. अ‍ॅरेच्या बाबतीतही हीच व्यवस्था आहे. नमपाय अ‍ॅरेसाठी ‘नमपायमॉड्यूल’ आणि सीटाइप्सच्या अ‍ॅरेसाठी ‘सीटाइप्सअ‍ॅरेज’ अशी वेगवेगळी मॉड्यूल आहेत, त्यामुळे पहिले नाव ‘हिडन-इम्पोर्ट’ या, न दिसलेले मॉड्यूल नाव देऊन जोडण्याच्या, पर्यायाने दिल्यावर लगेच दुसरे नाव गहाळ असल्याचा संदेश येतो. अनेक जण इथे निराश होतात. वास्तविक प्रोग्राम एक पाऊल पुढे गेलेला असतो.

बिल्ड फोल्डरमध्ये ‘वॉर्न’ने सुरू होणारी, न सापडलेल्या मॉड्यूलची यादी असलेली एक फाइल तयार होते. ती जरूर पाहावी, पण तिच्यावर विसंबू नये. विंडोजवर तिच्यात ‘पॉझिक्स’सारखी, मुळात विंडोजवर नसलेल्या मॉड्यूलची निरुपद्रवी नावे भरपूर असतात, आणि स्ट्रिंगमधून बोलावलेले मॉड्यूल तिच्यात येतच नाही, कारण पायइन्स्टॉलरला त्याचा पत्ताच लागलेला नसतो.

या अडचणीवर तयार उपायही आहे. पायइन्स्टॉलरसोबत येणाऱ्या हुकच्या, म्हणजे एखाद्या लायब्ररीला काय काय लागते ते सांगणाऱ्या छोट्या फायलींच्या, संग्रहात ओपनजीएलसाठी हुक आहे, म्हणून हाताने यादी करण्याआधी तो संग्रह अद्ययावत करावा. ‘ओपनजीएल अ‍ॅक्सिलरेट’ हा जोडभाग कंपाइल केलेला असल्याने त्याच्या आतली इम्पोर्ट विधाने वाचता येत नाहीत. संशय तिथे असेल तर ‘एक्स्क्लूड-मॉड्यूल’ने तो वगळून पाहावा. पायओपनजीएल त्याच्याविना, वेग थोडा कमी होऊन, चालते, आणि दोष कुठे आहे ते कळते. ओपनजीएलची सगळीच उपमॉड्यूल सरसकट भरणे मला पटत नाही: ती शेकडो आहेत, एक्झी फुगते आणि कारण अंधारातच राहते.

‘ग्लूटइनिट’ हे फंक्शन उपलब्ध नाही, असा संदेश आला तर मात्र पायथॉनचे मॉड्यूल शोधत बसू नये. तिथे फ्रीग्लूट या, ओपनजीएलची विंडो उघडणाऱ्या लायब्ररीची डीएलएल (विंडोजची तयार कोडची फाइल) पोहोचलेली नसते. ती ‘अ‍ॅड-बायनरी’ने द्यावी लागते, आणि पायथॉन ६४ बिटचा असेल तर तीही ६४ बिटचीच हवी. शेडरच्या (चित्र रंगवण्यासाठी ग्राफिक्स कार्डवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) फायली ‘अ‍ॅड-डेटा’ने जोडाव्यात आणि त्यांचा मार्ग चालू फोल्डरवरून न काढता मॉड्यूलच्या स्वतःच्या ठिकाणावरून काढावा. हे सर्व झाल्यावर एक्झी पायथॉन नसलेल्या संगणकावर चालवून पाहावी, कारण आपल्या संगणकावरची एखादी डीएलएल सिस्टिमच्या मार्गातून परस्पर उचलली जाते आणि तिची उणीव आपल्याला जाणवत नाही.