नुसत्या बसा

(दृश्य : बडोदे, दांडिया बाजार. जुन्या घरातला झोपाळा. पितळी पातेल्यात मोड आलेले वाल.)

वाल कोमट पाण्यात ठेवले की साल सैल होते. मग चिमटीत धरून हलकेच दाबायचं. डाळिंबी सुळकन बाहेर, साल बोटांत. माईंचं लक्ष रस्त्याकडे असतं, बोटं आपली चालू. वय ८१.

मधली दोन वर्षं हे काम त्यांच्याकडे नव्हतं. न्हाणीघरात पाय घसरला, मनगट मोडलं. घरच्यांनी मायेनं सांगितलं, "आता काही करू नका. नुसत्या बसा." मनगट कधीच जुळून आलं. बसणं काही सुटेना.

(दृश्य : लॉस एंजेलिस. उंच इमारती, बसथांबा.)

जरा लांब जाऊ. इथल्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्लॉरेन्स क्लार्क ऑक्युपेशनल थेरपी शिकवत. मराठीत व्यवसायोपचार. या शब्दानं घोटाळाच जास्त होतो, नोकरीधंद्याचं काहीतरी वाटतं. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं : अंघोळ, स्वयंपाक, पूजा, शेजारी डोकावणं. आजारानं, दुखापतीनं ही कामं अडली की ती पुन्हा जमावीत, म्हणून हा उपचार. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली या विषयाची शाळा काढली ती कमला निंबकरांनी. जन्मानं अमेरिकन, सासर मराठी.

क्लार्कबाईंचा प्रश्न साधा होता. ज्यांना काही झालेलं नाही, अशा म्हाताऱ्या माणसांनाही या शास्त्राचा उपयोग होतो का?

साठीपुढची ३६१ माणसं, तीन गट. एका गटाला व्यवसायोपचारतज्ज्ञ. दुसऱ्याला सहली, खेळ, हस्तकला, म्हणजे मन रमवायची सोय. तिसऱ्याला काहीच नाही. नऊ महिने हे चाललं.

१९९७ साली निकाल छापून आला. पहिल्या गटाची तब्येत, हालचाल, जगण्यातलं समाधान, सगळं इतरांपेक्षा सरस. पण खरी गंमत दुसऱ्या गटाची. मन रमवणारे आणि काहीच न मिळालेले, दोघे जवळपास सारखेच निघाले! आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या सहली डोळ्यांसमोर आणा. निकाल पचायला जड जातो, मलाही गेला.

मग पहिल्या गटात निराळं काय होतं? तिथे प्रत्येकाचा स्वतःचा दिवस उलगडून बघत. बसनं एकट्यानं कसं जायचं, सांधे दुखू न देता काम कसं करायचं, कोणतं काम सुटल्यावर घर परकं वाटू लागलं. आठवड्याला गटात बसायचं, शिवाय अधूनमधून एकेकट्याशी बोलणं.

पुढे ४६० जणांवर दुसरा अभ्यास झाला. फायदा दिसला, पण बेताचा : मन, उत्साह, दुखणी यांत, शरीराच्या कामकाजात नाही. ब्रिटनमध्ये याच धर्तीवर केलेल्या चाचणीत तर ठळक फरक दिसलाच नाही. तो निकाल २०१७ चा. म्हणजे रामबाण वगैरे काही नाही.

(दृश्य : पुन्हा दांडिया बाजार.)

माईंची नात हेच शास्त्र शिकून आली. आल्या आल्या व्यायामाचा तक्ता वगैरे लावला नाही. विचारलं, "आजी, सकाळी उठल्यापासून काय काय करतेस?" माई म्हणाल्या, "बसते."

मग पातेलं जमिनीवरून टेबलावर आलं. हाताची खुर्ची आली. वाल भिजवायला कोमट पाणी, म्हणजे अंगठ्याला जोर नको. न्हाणीघरात धरायला दांडी. सूनबाई पहिल्या दिवशी दारातच उभ्या, "अहो आई, राहू द्या," म्हणत. आता डाळिंब्यांत मीठ कमी पडलं की त्याच बोलणी खातात.

मंगळवारी मात्र खंडेराव मार्केट. गर्दी व्हायच्या आत, रिक्षानं, नातीच्या खांद्यावर हात ठेवून. भाजीवाल्याशी घासाघीस गुजरातीत, परतताना रिक्षात हिशेब मराठीत.

"सुरती पापडीला दहा रुपये जास्त लावले मेल्यानं."