शपथ घेतल्यानंतरचे तीन दिवस

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)

नमस्कार. मी व्यसनांवर उपचार करणारी डॉक्टर. इथे आयाबाया एवढ्या संख्येनं आल्यात, याचं मला बरं वाटतं. कारण घरात व्यसन असेल तर त्याची पहिली झळ तुम्हालाच बसते आणि पहिला निर्णयही बहुतेक वेळा तुम्हीच घेता.

काही वर्षांपूर्वीची आषाढी. चाळिशीच्या एका शेतकऱ्यानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, गळ्यात तुळशीची माळ घातली आणि दारू सोडली. बारा-तेरा वर्षं रोज पिणारा माणूस. घरात पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहाची कपबशी धरवेना. घाम, उलट्या, झोप नाही. घरचे म्हणाले, सोसतोय बिचारा, सोसू दे. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून चिमटीनं काहीतरी वेचायला लागला. ‘मुंग्या, मुंग्या’ म्हणत होता. कोपऱ्यात उभ्या नसलेल्या माणसाला शिव्या देत होता. आई म्हणाली, पोराला बाहेरचं लागलंय. लिंबू उतरवून झालं. चौथ्या दिवशी हातपाय बांधून त्याला माझ्याकडे आणलं, अंगात ताप आणि नाडी धावत होती.

मधल्या काळात त्याला एका दवाखान्यात नेऊन सलाईनच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. तिथे दारूबद्दल कोणी विचारलं नाही आणि लाजेपोटी घरच्यांनीही सांगितलं नाही.

असं का होतं? रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. दारू मेंदूला एका बाजूला ओढते, म्हणजे मंदावते. रोज ओढलं जातंय म्हटल्यावर मेंदू दुसऱ्या बाजूनं जोर लावायला शिकतो. म्हणूनच पूर्वी एका क्वार्टरमध्ये भागणाऱ्याला पुढे दोन लागतात. आता एका बाजूनं दोर अचानक सोडला, तर दुसरी बाजू कोलमडणारच. काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बरळणं. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. त्या शेतकऱ्याची शपथ खरी होती. त्याचं शरीर मात्र एका दिवसात शपथ पाळू शकत नव्हतं.

उपचार अवघड नाहीत. मेंदू शांत करणारी औषधं पुरेशा मात्रेत द्यायची आणि आठवडाभरात हळूहळू कमी करत आणायची. सोबत थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी असतं आणि साखर वापरायला मेंदूला तेच लागतं. म्हणून अशा माणसाला ग्लुकोज चढवायचं तर थायमिन आधी किंवा सोबत द्यावं लागतं. ते राहिलं तर तोल जातो, नजर फिरते, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. माळेबद्दल माझ्या मनात आदर आहे, तिच्या आधारानं सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. माळ जरूर घाला, पण रोज पिणारा असेल तर आधी डॉक्टरला भेटा.

गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगर-हेरॉइनचं, थोडं वेगळं. गर्द ओढणारे त्या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात. हाडं मोडल्यासारखी दुखतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, जुलाब होतात. त्रास भयंकर, पण धडधाकट माणूस त्यानं सहसा मरत नाही. धोका नंतर असतो. महिना-दोन महिने बंद राहिलं की शरीराची सवय उतरते आणि माणूस परत गेला की जुन्याच मात्रेत घेतो. श्वास थांबतो. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकतीच सुटलेली मुलं अशी जातात. म्हणून ब्युप्रेनॉर्फिनसारखं, गर्दची जागा घेऊन तलफ थोपवणारं औषध देखरेखीखाली बराच काळ द्यावं लागतं. ‘एक व्यसन काढून दुसरं लावलं’ असं लोक म्हणतात, ते मला मान्य नाही. त्या गोळीवर पोरगा कामाला जातो, घरी जेवायला येतो आणि जिवंत असतो.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती तुम्ही भिंतींवर, एसटीत वाचल्या असतील. बायका ती पूड भाजीत, चहात कालवतात. त्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण त्यावर दारू प्यायली की रक्तदाब कोसळतो, छातीत धडधडतं, जीवही जाऊ शकतो. ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. बाई हे जिवावर उदार होऊन करते हे मला कळतं. तरीही हात जोडून सांगते, करू नका.

पहिले दहा दिवस ही फक्त सुरुवात. तलफ पुढे वर्षभरही येते. पगाराच्या दिवशी, वरातीत, जुन्या मित्राच्या फोनवर. त्यासाठी गट लागतो, समुपदेशन लागतं, घराला आधार लागतो. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या मदतीनं ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेव्हा गर्दनं पोरं पटापट गिळली जात होती. तिथे पुढे पत्नींसाठीही गट चालू झाले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाईनं बारा वर्षं एकटीनं गिळलेलं कुठेतरी बोलायला हवंच ना?

माणूस पुन्हा प्यायला तर? मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही. पुन्हा घेऊन या. 2019 साली आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर 38 जणांमागे एकालाच कसले ना कसले उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे 37 कुणाच्या तरी घरातच आहेत.

पोलिसांच्या भीतीनं मुलांना लपवू नका. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम 64अ आहे. विक्री न करणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे, लिहून घ्या.

तो शेतकरी वाचला. पुढे दोनदा घसरला, दोन्ही वेळा बायको त्याला घेऊन आली. दुसऱ्या वेळी तिनं टेबलावर वहीचं एक पान ठेवलं. त्यावर लिहिलं होतं: काल रात्री नऊ वाजता, शेवटची, देशी, दीड क्वार्टर. त्या पानामुळे मला औषधाची मात्रा पहिल्या दहा मिनिटांत ठरवता आली.